जिममध्ये पाद्र्याचं काय काम?

कुणीतरी विचारलंय, "जिममध्ये पाद्री कशाला? घाम गाळायचा की प्रार्थना करायची?" गंमत म्हणजे १८४४ साली लंडनला वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना निघाली ती प्रार्थना आणि बायबल अभ्यासासाठीच, व्यायामशाळा मागून आल्या!

मी पाद्री, आमच्या भागातल्या जिममध्ये आठवड्यातनं दोन दिवस नुसता बसतो. बायबल पिशवीतच असतं. ट्रेडमिलवर कोणी मन मोकळं करत नाही, बोलणं सुटतं ते बुटाची नाडी बांधताना. एक काका वीस मिनिटं गुडघेदुखीवर बोलले आणि मग एकदम, "बायको गेल्यापास्नं एकट्याच्या चहाचं माप चुकतंय ओ." यावर मी काय बोलणार? बाहेर गाड्यावर जाऊन दोघांनी चहा घेतला.

खरं तर कोल्हापूरला हे नवं नाही. गंगावेस, मोतीबाग तालमींच्या गावात हरलेल्या पोराला सावरायला वस्ताद असतोच. तो कान पिळतो, आम्ही कान देतो, एवढंच. धर्माचा विषय समोरच्यानं काढल्याशिवाय काढायचा नाही, हे मात्र कडक पाळतो. आणि कुणी 'जगणं नको झालंय' म्हणालं, तर प्रार्थनेवर न भागवता त्याला सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा.

यायचं असेल तर सकाळी सहाला या. संध्याकाळी गाण्यांच्या दणक्यात काही ऐकू येत नाही.