पोस्टफिक्समध्ये सीव्ह सुरू केल्यावर डॉट-फॉरवर्ड चालत नाही

प्रश्न:
आमच्या सर्व्हरवरील सर्व वापरकर्त्यांची लिनक्सवर खरी खाती असून त्यांपैकी अनेकांनी होम डिरेक्टरीतील डॉट-फॉरवर्ड फाइलमध्ये मेल पुढे पाठवण्यासाठी बाहेरचा पत्ता लिहून ठेवला आहे. सीव्ह या मेल-चाळणीच्या भाषेतले नियम वापरता यावेत म्हणून पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लोकल_ट्रान्सपोर्ट या सेटिंगमध्ये (स्थानिक मेल कोणाकडे सोपवायचा ते ठरवणारे) डोव्हकॉट या मेलबॉक्स सर्व्हरचे एलएमटीपी सॉकेट (मेल सुपूर्द करण्याची जोडणी) दिले, तेव्हापासून मेल इथेच साठतो आणि पुढे जात नाही. लॉगमध्ये त्रुटी दिसत नाही. दोन्ही सोयी एकत्र चालू शकतात का?

उत्तर १:
चालू शकतात. डॉट-फॉरवर्ड वाचण्याचे काम पोस्टफिक्समधील ‘लोकल’ हा वितरक करतो आणि लोकल_ट्रान्सपोर्ट बदलले की तोच मार्गातून बाजूला होतो. पोस्टमास्टरसारख्या एलिअसचा (दुसऱ्या खात्याकडे वळवणाऱ्या टोपणनावाचा) मेलही त्यामुळे योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही. ते सेटिंग मूळ स्थितीत आणून सॉकेट मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टमध्ये द्यावे. मग ‘लोकल’ आधी एलिअस पाहील, नंतर डॉट-फॉरवर्ड, आणि जो मेल इथेच ठेवायचा आहे तेवढाच डोव्हकॉटकडे सोपवेल. ज्यांना इथेही प्रत हवी असेल त्यांनी फाइलमध्ये बाहेरच्या पत्त्याबरोबर बॅकस्लॅश लावून स्वतःचे खातेनाव लिहावे.

उत्तर २:
वरील उपाय अचूक आहे, परंतु त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. इथे प्रत न ठेवता केवळ बाहेर पाठवला जाणारा मेल सीव्हपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे स्पॅम अडवण्याचे काम सीव्हवर सोपवले असेल, तर फॉरवर्ड करणाऱ्यांचा सगळा स्पॅम आपल्या सर्व्हरच्या आयपीवरून बाहेर जाईल आणि बदनामी आपल्या वाट्याला येईल. म्हणून आरस्पॅमडीसारखा मिल्टर (येणारा मेल तपासणारा जोडप्रोग्रॅम) लावून नको असलेला मेल एसएमटीपी संवाद चालू असतानाच, म्हणजे मेल स्वीकारण्याआधीच, नाकारावा. नाकारण्याइतकी खात्री नसेल तेव्हा वेगळा हेडर जोडावा, पण विषयाच्या ओळीत ‘स्पॅम’ असे लिहू नये, कारण विषय सहसा डीकेआयएम स्वाक्षरीत (प्रेषकाच्या डोमेनची डिजिटल स्वाक्षरी) समाविष्ट असतो आणि तो बदलताच स्वाक्षरी अवैध ठरते. फॉरवर्ड करताना लिफाफ्यावरचा मूळ प्रेषक तसाच राहतो, त्यामुळे पुढच्या सर्व्हरवर एसपीएफ (मेल पाठवणारा सर्व्हर त्या प्रेषकाच्या डोमेनला मान्य आहे का ही तपासणी) बहुधा नापास होते. अशा वेळी डीमार्कला (एसपीएफ किंवा स्वाक्षरी मेलमध्ये दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळते का ही तपासणी) तारते ती हीच स्वाक्षरी. एसआरएस वापरून लिफाफ्यावरचा प्रेषक बदलल्यास एसपीएफ पास होते खरे, परंतु ते आपल्या डोमेनच्या नावे, त्यामुळे डीमार्कला त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता:
मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टमुळे फॉरवर्डिंग पूर्ववत झाले. मिल्टर आता लावतो. पुढे सर्वांना डॉट-फॉरवर्डऐवजी सीव्हच्या रीडायरेक्टवर (मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी आज्ञा) नेणे योग्य ठरेल का?

उत्तर २:
ज्यांची इच्छा असेल त्यांना जरूर न्यावे; सरसकट नको. रीडायरेक्ट केल्यावर इथली प्रत आपोआप उरत नाही, त्यासाठी ‘कीप’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते किंवा आरएफसी ३८९४ या इंटरनेट मानकातील ‘कॉपी’ ही जोड वापरावी लागते. शिवाय काहींच्या फाइलमध्ये पत्त्याऐवजी एखाद्या प्रोग्रॅमकडे पाइप असेल, आणि रीडायरेक्ट ते काम करत नाही.