एमएस्सी स्टॅटच्या आधीची सुट्टी : ऑनलाइन काय शिकलात? अनुभव सांगा

माझ्या भाचीला यंदा संख्याशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. बीएस्सीची परीक्षा एप्रिलअखेर संपली, वर्ग जुलैच्या शेवटी सुरू होतील. मधले पावणेतीन महिने मोकळे आहेत आणि तिच्या मोबाइलवर ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातींचा नुसता मारा चाललाय. मी पंधरा वर्षांपूर्वी हेच एमएस्सी केलं. सुट्टीत पुस्तक उघडलं नव्हतं, आणि पहिल्या सत्रात मेझर थिअरीच्या (संभाव्यतेचा अमूर्त गणिती पाया) तासाला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिच्यावर ती वेळ येऊ नये असं फार वाटतं.

ज्यांनी मास्टर्सच्या आधी सुट्टीत ऑनलाइन अभ्यास केला, त्यांनी जरूर लिहा. काय केलं, रोज किती वेळ दिला, पुढे काय कामाला आलं, काय वाया गेलं. शिक्षण भारतातलं असो की बाहेरचं, सगळं चालेल.

*

यवतमाळहून मुंबईला एमएस्सीला गेले, २०२१ ची बॅच.

ताई, मी त्या सुट्टीत एकच कोर्स केला आणि तो पूर्ण केला. हार्वर्डच्या जो ब्लिट्झस्टाइन सरांचा स्टॅट ११०, संभाव्यतेचा. ३४ व्याख्यानं आहेत, सगळी यूट्यूबवर फुकट. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीज जायची आणि मोबाइलला दिवसाला दीड जीबी डेटा. मग रात्री झोपण्याआधी उरलेल्या डेटात दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान उतरवून ठेवायचं आणि पहाटे पाचला गच्चीवर बसून ऐकायचं. व्याख्यान पाऊण तासाचं, पण मला अडीच तास लागायचे, कारण ते फळ्यावर काही लिहायला लागले की मी थांबवायची आणि आधी स्वतः करून बघायची. हे थांबवणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं बघत गेलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वहीवर एक ओळ उमटत नाही.

एक गोष्ट सांगते. बीएस्सीला आम्ही चलांतराची (जुनी चलं बदलून नवी घेण्याची) गणितं जेकोबियन, म्हणजे तेव्हा गुणायचा निर्धारक, लावून पाठ केली होती. दोन स्वतंत्र एक्स्पोनेन्शियल चलं (वाट बघण्याच्या वेळेसारखी), दोघांचा रेट सारखा. त्यांची बेरीज घ्या आणि बेरजेतला पहिल्याचा वाटा घ्या. उत्तर यायचं, अर्थ कळायचा नाही. सर ते बँक आणि पोस्टाच्या रांगेवरून सांगतात. बँकेत थांबलात, मग पोस्टात थांबलात. एकूण किती वेळ गेला हे कळल्याने त्यातला किती हिस्सा बँकेत गेला याबद्दल काहीच कळत नाही. बेरीज आणि वाटा स्वतंत्र! मी त्या सकाळी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळं पुन्हा मांडलं. जेकोबियनची किंमत बेरजेइतकीच आली, वाटा शून्य ते एकमध्ये युनिफॉर्म, म्हणजे सगळीकडे सारख्याच शक्यतेचा, निघाला. ते पान अजून जपून ठेवलंय. पहिल्या सत्राच्या परीक्षेत गॅमा-बीटावर (बेरजेचं वितरण गॅमा, वाट्याचं बीटा) प्रश्न आला तेव्हा मला सूत्र आठवावं लागलं नाही.

व्याख्यानांइतकीच त्यांची सरावाची गणितं मोलाची आहेत, उत्तरांसकट फुकट मिळतात. तुमच्या भाचीला सांगा की आठवड्याला तीन व्याख्यानं पुरे. बारा आठवड्यांत होतं.

*

नाशिक, सध्या पीएचडी करतोय.

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. संभाव्यता मला जमायची, अडलो ते लिनिअर अल्जेब्रात. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांचा कोर्स केला. सुरुवातीच्या तासांपासूनच ते मॅट्रिक्सकडे स्तंभांचा गट म्हणून बघायला लावतात, आणि तिथेच माझी गाडी रुळावर आली. सोळाव्या व्याख्यानात ते तीन बिंदू घेतात : (१,१), (२,२) आणि (३,२). एका रेषेत बसत नाहीत. सगळ्यांत जवळची रेषा काढायची, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यांत कमी ठेवणारी. उत्तर : रेषा उभ्या अक्षाला दोन तृतीयांशवर छेदते, उतार अर्धा. हे हाताने करा, कॅल्क्युलेटरही नको. मग तिन्ही ठिकाणची चूक (बिंदूची उंची वजा रेषेची उंची) काढा : उणे एक षष्ठांश, एक तृतीयांश, पुन्हा उणे एक षष्ठांश. बेरीज शून्य. आता त्याच चुकांना १, २, ३ ने गुणून बेरीज करा, तीही शून्य. चुकांचा सदिश मॅट्रिक्सच्या (१,१,१) आणि (१,२,३) या दोन्ही स्तंभांना काटकोनात उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ. रिग्रेशनचा (आकड्यांना अशी रेषा बसवण्याचा) अख्खा पेपर या तीन बिंदूंवर उभा आहे असं मी माझ्या ज्युनियरना सांगतो. एफ-टेस्ट, डिग्रीज ऑफ फ्रीडम, सगळं तिथूनच निघतं.

एक सूचना. एनपीटीईएलचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन) कोर्स चांगले आहेत, आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाशी जुळतातही, पण त्यांच्या फेऱ्या जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. सुट्टीत जुने व्हिडिओ बघता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेची आशा ठेवू नका. मला त्याची कधी गरज पडली नाही.

*

पुण्याहून अमेरिकेला एमएस स्टॅटिस्टिक्सला आले, २०१९.

परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिते, कारण इथे गणित वेगळं असतं. मी इंजिनिअरिंगची. प्रवेश मिळाला, पण पत्रात अट : लिनिअर अल्जेब्रा आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस गुणपत्रिकेवर दिसलं पाहिजे. आमच्या गुणपत्रिकेवर नुसतं मॅथ्स-१, मॅथ्स-२, मॅथ्स-३. मी घाबरून लगेच दोन्ही विषयांचे पैसे भरायला निघाले होते. बाबांनी थांबवलं, म्हणाले आधी विचार तर. विभागाला ईमेल केला, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची प्रत जोडली, कुठल्या घटकात काय आहे ते ओळीवार लिहिलं. कॅल्क्युलस त्यांनी मान्य केलं. लिनिअर अल्जेब्रा मात्र करावंच लागलं, आणि यूट्यूबवर शिकलेलं तिथे चालत नाही, क्रेडिट आणि ग्रेड लागते.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. अख्ख्या सत्राचा अभ्यास आठ आठवड्यांत, दर रविवारी गृहपाठ. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, आपल्या रात्री साडेबाराला. आई शेजारच्या खोलीत पंखाही बंद करून बसायची, आवाज नको म्हणून. बाबांची एक मुदत ठेव त्यात गेली. पण ग्रेड आली आणि अट सुटली. सांगायचं एवढंच की पैसे भरण्याआधी विभागाकडून लेखी घ्या की हाच कोर्स चालेल. त्या एका ईमेलने आमचे अर्धे पैसे वाचले.

*

सांगली.

मी चुकीच्या ठिकाणी पैसे घातले. डेटा सायन्सचा सहा आठवड्यांचा कोर्स, नाव सांगत नाही. ४० हजार रुपये, त्यातले निम्मे मामांकडून घेतलेले. रेडिमेड कोड चालवायला शिकवला, आलेख छान यायचे. एमएस्सीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी अभिसरणाची (क्रमिका एका संख्येच्या जवळ जवळ जाण्याची) व्याख्या फळ्यावर लिहायला सांगितली आणि मला तिच्यातल्या पहिल्याच अक्षराच्या, एप्सिलॉनच्या, पुढे जाता आलं नाही. कोर्स वाईट असेलच असं नाही, पण एमएस्सीला जे लागतं ते त्यात नव्हतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

*

कोल्हापूर. सात वर्षं बँकेत नोकरी करून मग एमएस्सी केलं.

आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, पण दिवसाला अर्धा तास. संभाव्यतेचं जे गणित सोडवाल ते आरमध्ये दहा हजार वेळा चालवून बघा. मी पहिल्यांदा वाढदिवसाचं केलं : २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता कागदावर ०.५०७ येते. स्क्रीनवर ०.५०९ आलं, पुन्हा चालवलं, ०.५०४. मुलगा शेजारी बसला होता, त्याने पाच वेळा चालवायला लावलं.

*

मी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकले, हुजूरबाजार सरांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या. पुढे तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे.

वरचं सगळं वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी सुट्टीत सीनियरच्या वह्या उतरवून काढायचो, तुमच्या हाताशी जगातले उत्तम शिक्षक आहेत. मुलं एमएस्सीला कुठे अडतात ते सांगते. विषय नवा असतो म्हणून अडत नाहीत. दुहेरी बेरजेचा क्रम बदलता येत नाही, दुहेरी इंटिग्रलच्या सीमा आकृती न काढता लिहितात, आणि ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी डेल्टा’ आणि ‘एक डेल्टा, जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो’ यांतला फरक कळत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत जड जाते. सांगलीच्या मुलाचं जे झालं ते दर वर्षी निम्म्या वर्गाचं होतं, त्याने मनाला लावून घेऊ नये. त्यासाठी रिअल अ‍ॅनालिसिसचे पहिले पाच-सहा धडे पुरतात : क्रमिका, अभिसरण, सातत्य. एमआयटीच्या मोफत संकेतस्थळावर त्याचाही पूर्ण कोर्स आहे.

आणि कुणाला तरी लिहिलेलं दाखवा. व्हिडिओ तुमची चूक सांगत नाही. सिद्धतेत कुठे पाय घसरला हे दुसऱ्याच्या डोळ्यांनाच दिसतं. या धाग्यावरच्या कुणालाही हवं असेल तर मी तपासून देईन, मला आवडेल.

*

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला अख्खा धागा वाचून दाखवला. तिने सकाळी संभाव्यता, संध्याकाळी लिनिअर अल्जेब्रा ठरवलंय. बाकीचं सगळं मोबाइलवरून काढून टाकलं. काल रात्री जेवण झाल्यावर ते तीन बिंदूंचं गणित करत बसली होती. चुकांची बेरीज शून्य आली, १, २, ३ ने गुणूनही शून्य आली. आता विचारतेय की १, ४, ९ ने गुणलं तर शून्य का येत नाही. मला पटकन नीट सांगता आलं नाही. मॅडम, तिच्या वहीचं पान तुम्हाला पाठवू का?