मदत हवी आहे: रास्टरिओ ही पायथन लायब्ररी वापरून केळीचा एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) काढतोय, २०२२ पासून आकडे एकदम पडलेत

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे, पायथन बऱ्यापैकी येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं घेऊन शिवारातल्या बागांचा एनडीव्हीआय काढून ठेवतोय, म्हणजे कुठे वाढ खुंटतेय ते लवकर दिसेल आणि शेतकरी जाऊन पानं तरी बघेल. सीएमव्ही या विषाणूरोगाची झाडं वेळेत उपटली नाही तर मावा किडा तो रोग शेजारच्या बागेत नेतो, त्यामुळे थोडं आधी कळलं तरी लाखमोलाचं आहे.

सगळं काम रास्टरिओवर आहे. लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढलेली चित्रं) चे बी०४ (लाल प्रकाश) आणि बी०८ (डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश) हे पट्टे उघडतो, मास्क फंक्शननं बागेच्या हद्दीपुरतं कापतो, फ्लोटमध्ये बदलून मगच वजाबाकी करतो, नाहीतर पाण्यावर ६५ हजाराच्या आसपासचे भलतेच आकडे येतात.

अडचण अशी की जानेवारी २०२२ च्या शेवटापासून प्रत्येक बागेचा आकडा पडलाय, कांदेबाग असो का मृगबाग, म्हणजे लागवड कुठल्याही हंगामातली असो. आधी ०.७५ च्या वर असायची ती हिरवीगार केळी आता ०.५५ ला, आणि वावरात जाऊन बघावं तर बाग एकदम ठणठणीत. ढग नाहीत, हद्दी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोब्बर बसतात, सीआरएस (नकाशाची निर्देशांक पद्धत) दोन्हीकडे यूटीएम ४३ उत्तर. मग म्हटलं केळी सोडून दुसरं काही बघू, म्हणून हतनूर धरणाचं पाणी घेतलं, तर ते उलट वर गेलंय, आधी उणे ०.३ होतं ते आता शून्याला टेकलंय. म्हणजे केळी खाली आणि पाणी वर, हे कशानं होतं? लायब्ररीचं व्हर्जन बदलून पाहिलं, फरक नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, या आकड्यांवर लोकांना सल्ला द्यायचाय.

प्रतिसाद
भाऊ, रास्टरिओचा दोष नाही, ते फाइलमध्ये जे आहे तेच देतं. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीनं प्रोसेसिंग बेसलाइन ०४.०० (चित्रं तयार करायच्या पद्धतीची नवी आवृत्ती) लावली, तेव्हापासून पिक्सेलच्या आकड्यात १००० जास्तीचे मिळवलेले असतात. गडद जागेची किंमत कधीकधी शून्याखाली जाते आणि फाइलमध्ये ऋण आकडा मावत नाही, म्हणून ही सोय.

समजा केळीचा बी०८ ४००० आणि बी०४ ५००. एनडीव्हीआय म्हणजे दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणून ३५०० भागिले ४५००, आले ०.७८. दोन्हीत हजार मिळवा, वर तेच ३५००, खाली मात्र ६५००, आले ०.५४. पाण्यात वरचा आकडा ऋण, त्यामुळे भाजक वाढला की ते शून्याकडे चढतं. तुम्ही पाणी तपासलं ते फार बरं केलं, त्यावरूनच ओळखलं.

आता तारीख बघून हजार वजा करू नका, जुनी चित्रंही नव्या बेसलाइननं परत तयार केलेली मिळतात. प्रत्येक चित्रासोबतच्या मेटाडेटाच्या (चित्राची माहिती देणाऱ्या) एक्सएमएल फाइलमध्ये बीओए ॲड ऑफसेट ही नोंद शोधा, उणे १००० असेल तरच वजा करा. आणि ० म्हणजे डेटा नाही, ते आधी मास्क करा.

धागाकर्ता
लय आभार भाऊ, एका बागेवर करून पाहिलं, आकडा जागेवर आला! अजून एक विचारतो, बी११ हा पट्टा आणि ढग काढायला लागणारा एससीएल थर दोन्हींचे पिक्सेल २० मीटरचे आहेत, ते १० मीटरवर आणताना रिसॅम्पलिंग बायलिनिअर (शेजारच्या पिक्सेलची सरासरी) ठेवू का?

प्रतिसाद
बी११ ला चालेल. एससीएल ला मात्र निअरेस्टच (सर्वात जवळच्या पिक्सेलचाच आकडा), कारण ते मोजमाप नाही, वर्गाचे नंबर आहेत. ४ म्हणजे झाडोरा, ६ म्हणजे पाणी, बायलिनिअरनं मधे ५ आला की तापीकाठची केळी उघडी जमीन म्हणून नोंदली जाईल.