सशांच्या पिंजऱ्यातल्या वाट्या काढा, पत्र्याच्या गव्हाणी लावा (चर्चा)

माणदेशी_सखी

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमच्याकडे 28 माद्या आणि 5 नर आहेत, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे. सुरुवात झाली ती करारावर. कंपनीने पिंजरे दिले, पिंजऱ्यागणिक एक उथळ प्लास्टिकची वाटी दिली, पिल्लं परत विकत घेऊ म्हणाली आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. तो विषय इथे काढत नाही. पण त्या वाट्या तीन वर्षं आमच्याकडे राहिल्या आणि त्यांनी आमचं जे नुकसान केलं, ते आज सांगायचंय.

गोळी पेंडीचं पोतं लवकर संपतंय असं सारखं वाटायचं. शेवटी एका रात्री टॉर्च घेऊन शेडमध्ये बसले. एक मादी वाटीपाशी आली, नाकाने हुंगलं, दोन गोळ्या खाल्ल्या आणि मग पुढचे दोन्ही पाय वाटीत घालून खर्र खर्र उकरायला लागली. अंगणात कोंबडी उकरते ना, तस्संच. गोळ्या उडाल्या आणि जाळीतून खाली. दोन मिनिटांत वाटी निम्मी. मग ती वाटीतच बसली.

दुसऱ्या दिवशी सहा पिंजऱ्यांखाली जुन्या साड्या ताणून बांधल्या. सकाळी लेंड्यांतून गोळ्या वेचल्या, उन्हात वाळवल्या आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन केलं. प्रत्येकीला 150 ग्रॅम घातलं होतं. एकीच्या खाली 40 ग्रॅम सापडलं, दोघींच्या खाली 25 च्या आसपास, बाकी तिघींच्या खाली पाच-सात ग्रॅम. सशांवर जो खर्च होतो त्यातला निम्म्याहून बराच जास्त खाद्यावरच जातो. आणि ते असं मुतात भिजून लेंडीखतात चाललं होतं.

आता सगळ्या पिंजऱ्यांना बाहेरून अडकवायच्या पत्र्याच्या गव्हाणी केल्यात. इंग्रजी जे अक्षरासारखा आकार. वरून पेंड ओतायची, ती घसरत खाली तोंडाशी येते. तोंडाची कड आत वळवलेली, त्यामुळे पायाने उकरलं तरी गोळी बाहेर पडत नाही. तळाला बारीक भोकांची चाळण, भुकटी आपोआप खाली गळते. माझं मत स्पष्ट आहे: जाळीच्या पिंजऱ्यात उघडी वाटी ठेवणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

वाईचे_काका

ताई, मेहनत घेऊन मोजलंत, त्याबद्दल मनापासून कौतुक. पण मला पटलं नाही, आणि न पटण्याचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. सहा माद्या, सहाही वाट्या एकसारख्या, पेंड एकच. तरी एकीने 40 ग्रॅम सांडलं आणि तिघींनी पाच-सात. वाटी जर दोषी असती तर सहाही पिंजऱ्यांखाली सारखंच सापडायला हवं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होतंय हे.

माझ्याकडे 15 वर्षांपासून ससे आहेत. आजही मातीच्या जाड कुंड्या वापरतो, तळाशी रुंद आणि वर थोड्या आत आलेल्या, कुंभाराकडून करून घेतलेल्या. उलटत नाहीत, कुरतडता येत नाहीत, धुवून उन्हात ठेवल्या की स्वच्छ. आणि मी मोजून घालतो. सकाळी थोडं, संध्याकाळी जास्त, कारण ससा दिवसा झोपतो आणि खातो ते मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री. संध्याकाळी कुंडी रिकामी दिसली तरच पुढचं घालायचं. पोट भरल्यावरही जे समोर उरतं, तेच उकरलं जातं. जास्त घातलंच नाही तर सांडेल काय?

गव्हाणीत तीन दिवसांची पेंड एकदम ओतता येते, यालाच माझा विरोध आहे. माणूस मग पिंजऱ्याकडे बघतच नाही. ससा आजारी पडला की पहिली खूण एकच, तो खायचं थांबतो. कुंडी भरलेली दिसली की मला त्याच सकाळी कळतं. तुम्हाला गव्हाणीत किती उतरलं ते कसं कळणार?

माणदेशी_सखी

काका, तीन दिवसांचं मी कधीच भरत नाही. गव्हाणीतही एका वेळचंच घालते. आणि तुमच्या कुंड्या जड आहेत, तोंड आत आलेलं आहे, म्हणजे उकरून बाहेर पडू नये ही सोय तुम्हीही केलीच आहे की! वाद मग भांड्याचाच झाला.

वाईचे_काका

भांडं चांगलं असावं हे मी कुठे नाकारतोय? प्रत्येक पिंजऱ्याला पत्र्याचा खर्च करायलाच हवा, हे नाकारतोय. ज्याच्याकडे दहा ससे आहेत त्याने आधी काटा घ्यावा.

गुरांची_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, म्हणून दोघांनाही एक विचारते. 40 ग्रॅम सांडणाऱ्या त्या मादीचे दात बघितलेत का?

सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. चारा चावून चावून ते झिजतात. वरचे-खालचे एकमेकांवर नीट बसत नसले तर झिजत नाहीत, वाकडे वाढतात, आणि मग ससा गोळी उचलतो पण तोंडातून पाडतो. बघणाऱ्याला वाटतं सांडतोय. हनुवटी ओली आहे का, वजन उतरतंय का, ते बघा. वरचा ओठ अलगद बाजूला केला की पुढचे दात दिसतात.

दुसरं, पाणी. पिंजऱ्यातल्या पाण्याच्या नळीचं निपल, म्हणजे ससा ज्यातून पाणी पितो ती तोटी, तुंबलं की ससा खाद्य सोडतो. खाल्लेल्या कोरड्या पेंडीच्या जवळजवळ दुप्पट पाणी त्याला लागतं. आपल्याकडे खाऱ्या पाण्याने निपल गच्च होतात आणि आपण दोष देतो पेंडीला. रोज एका बोटाने प्रत्येक निपल दाबून बघायचं, एवढंच काम आहे.

तिसरं, सतत भरलेल्या गव्हाणीबद्दल मी काकांच्या बाजूने आहे, पण फक्त पिल्लांसाठी. दूध तोडल्यावरचे दोन-तीन आठवडे पिल्लांच्या पोटाला फार नाजूक असतात. फ्रान्समध्ये मांसासाठी ससे पाळणारे बरेच जण या वयात पिल्लांना मुद्दाम पोटभरीपेक्षा थोडं कमी, मोजून खाद्य देतात, कारण त्याने हगवणीने होणारी मरतूक कमी होते. उलट पिल्लं अंगावर असलेल्या मादीला कधीही मोजून घालू नका. सात-आठ पिल्लांना पाजणारी मादी तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त दूध देते, तेव्हा तिला हवं तेवढं समोर पाहिजे. तिची कुंडी रिकामी दिसली म्हणून शाबासकी घेऊ नये, काका.

वाईचे_काका

डॉक्टर, पाजणारीचं मान्य. तिला मी तीनदा घालतो. ते वर लिहायचं राहिलं, माझी चूक.

दापोलीचा_बागायतदार

कोकणातून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात मातीची कुंडी म्हणजे बुरशीचं घर. माती ओल धरते, तळाला पेंडीचा थर चिकटतो, दोन दिवसांत आंबूस वास. बुरशीचं विष सशाला फार लवकर बाधतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी तरी कुंडी ठेवणार नाही.

पण सखीताईंच्या पत्र्यालाही आमच्याकडे गंज चढतो. एक गव्हाण साध्या पत्र्याची केली होती, एका पावसाळ्यात तळाची चाळण गंजून तिची भोकंच बुजली. भुकटी आत साठली, दमट हवेने तिचा गोळा झाला आणि वरची पेंड खाली उतरेनाशी झाली. वरून बघितलं तर गव्हाण भरलेली, आत ससा उपाशी. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्राच घ्या आणि आठवड्यातून एकदा काढून, आपटून, धुवून, पूर्ण वाळवूनच परत लावा.

पीव्हीसी पाइपची गव्हाण फुकटात होते म्हणून व्हिडिओ फिरतात. मी केली. महिन्याभरात कडा कुरतडून खाल्ल्या. प्लास्टिकचे तुकडे पोटात गेले असणार, त्या विचाराने काढून टाकली.

घाटावरची_आजी

आम्ही गोळी पेंड घेत नाही, परवडत नाही. मका, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा पेंड, हरभऱ्याची चुणी, थोडं मीठ आणि क्षारांची पावडर, असा घरचा भरडा. तुमच्या त्या जे-आकाराच्या गव्हाणीत भरडा घालून बघितला, मुलाने आणली होती. भरडा घसरतच नाही, अडकून बसतो. आणि चाळणीतून निम्मा खाली. मग चाळणीवर पुठ्ठा बसवला.

माझी रीत जुनी आहे. भरड्यावर पाण्याचा हबका मारायचा, हाताने चोळायचा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा इतपतच ओला. धूळ उडत नाही, सशाला शिंका येत नाहीत आणि मक्याचे दाणे तेवढे वेचून बाकीचं उकरून टाकायचीही सोय राहत नाही. उकरण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं बाळांनो, आवडीचं शोधतात. संध्याकाळी घालायचं आणि सकाळी उरलेलं काढायचंच. उन्हाळ्यात तर तीन-चार तासांत आंबतं, म्हणून ऊन उतरल्यावर थोडं थोडं.

गुरांची_डॉक्टर

आजी, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवर सगळं अवलंबून आहे. सकाळी काढायला विसरणाऱ्याने ही रीत करू नये.

पेठेतली_ससेवाली

माझे दोनच ससे आणि तेही फ्लॅटमध्ये, पाळीव. पण वाया जाण्याच्या व्याख्येवरच माझा आक्षेप आहे. घरच्या सशाचं मुख्य अन्न वाळलेलं गवत, गोळ्या दिवसाला जेमतेम दोन चमचे. गवताच्या काड्यांतून तो कोवळी पानं निवडतो आणि जाड दांड्या टाकतो. तो निवडतोय, त्यात त्याचा वेळ जातो, दात झिजतात, मन रमतं. त्यालाही आपण नासाडी म्हणायचं का? मी टाकलेल्या दांड्या त्याच्या शीच्या ट्रेमध्ये अंथरते. गवताची टोपली ट्रेला लागूनच टांगली आहे, कारण खाता खाता शी करायची त्याची सवयच असते.

माणदेशी_सखी

ताई, दोन सशांना ते ठीक आहे. आमच्याकडे माणमध्ये मार्चनंतर हिरवी काडी विकत घ्यावी लागते. टाकलेली दांडी म्हणजे आमचं पाणी असतं. लसूणघास, शेवरी, दशरथ घास असला हिरवा चारा आम्ही पिंजऱ्यात टाकत नाही, पेंढी बांधून दोन पिंजऱ्यांच्या मधल्या जाळीच्या खोबणीत उभी करतो. दोन्हीकडून ओढून खातात. पायाखाली गेलेला चारा ससा नंतर तोंडात घेत नाही. आणि तोडल्या तोडल्या ओला घालायचा नाही, सावलीत थोडा मलूल करायचा, नाहीतर पोट फुगतं.

नव्याने_सुरुवात_सांगली

मी सहाच माद्यांनी सुरू केलंय. सांडलेली पेंड खायला पिंजऱ्याखाली गावठी कोंबड्या सोडल्यात. मग वाया काहीच जात नाही. चुकतंय का?

दापोलीचा_बागायतदार

आमच्याकडेही करतात. पण कोंबड्यांच्या भरवशावर सांडणं चालवून घेतलं की पेंडीवर उंदीर येतात, उंदरांमागे साप. माझ्या शेडमध्ये धामण निघाली होती. कोंबडी दिवसा खाते, ससे सांडतात रात्री. रात्रभर ते उंदरांचंच असतं.

गुरांची_डॉक्टर

आणि मुतात भिजलेली, बुरशी धरलेली गोळी कोंबडीलाही बाधते. कोरडी पडलेली तेवढी खाऊ दे.

माणदेशी_सखी

डॉक्टर, काल दात बघितले. 40 ग्रॅमवालीचे वाकडेच निघाले, खालचा एक तर ओठाबाहेर यायला लागला होता. तीन वर्षं ती माझ्या हातातून रोज जात होती आणि मी बघितलं नाही, याचं फार वाईट वाटलं. ही खोड वंशात उतरते असं आमचे डॉक्टर म्हणाले, म्हणून तिला आता गाभण ठेवणार नाही. पण 25 ग्रॅमवाल्या दोघींचे दात चांगले आहेत. त्या उकरणाऱ्याच आहेत, आणि गव्हाण लावल्यापासून त्यांच्या साडीवर दोन-चार गोळ्यांच्या वर सापडत नाही. तेव्हा काका, एक बाजू तुमची, पण दोन माझ्या.

एक गोष्ट मात्र मलाही गव्हाणीने शिकवली. मोठ्या माद्यांसाठी तोंड जमिनीपासून वीतभर उंच ठेवलं होतं, तिथे तीन आठवड्यांची पिल्लं पोचेनात. खाली घेतलं तर एक पिल्लू आत जाऊन बसलं आणि तिथेच घाण केली. आता पिल्लांच्या पिंजऱ्यात तोंडावर उभ्या तारा ओवल्यात, डोकं जाईल पण अंग जाणार नाही इतक्या अंतरावर. कापलेल्या पत्र्याची धार दुमडून घ्या, एका पिल्लाची मान खरचटली आमच्याकडे.

वाईचे_काका

पोरी, तू दात बघितलेस, तिथेच मी निम्मा हरलो. माझ्याकडेही एक उकरणारी आहे, तिला मी इतके दिवस शिव्या घालत होतो. असं करू. तुझ्याकडची एक गव्हाण मला पाठव, तिला लावतो. तू तुझ्या दोघींपैकी एकीला माझी कुंडी लाव, कुंभाराकडून उद्याच घेऊन एसटीत देतो. पेंड एकाच पोत्यातली नसेल, पण गोळीची जाडी तरी सारखी ठेवू. आठ दिवस रोज सकाळी वजन, दोघांनी इथे टाकायचं.

माणदेशी_सखी

चालेल काका, सोमवारपासून. साडी सुती घेऊ नका, मुताने ओली होऊन गोळ्या फुगतात आणि वजन चुकतं. नायलॉनची घ्या, एका बाजूला उतार देऊन बांधा.