मधुमेह, मुरगळलेला घोटा आणि ॲक्युप्रेशर : कुठे दाबावे, कुठे दाबू नये?

नीलिमा :

माझ्या आईचे वय ६४ असून तिला बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन अद्याप लागलेले नाही. मध्यंतरी पायरी उतरताना तिचा उजवा घोटा मुरगळला. दुखते फारसे नाही, परंतु सूज काही केल्या उतरत नाही. ओळखीच्या एका ॲक्युप्रेशर जाणकारांनी तळपायावरील स्वादुपिंडाचा बिंदू रोज दाबण्यास, लाकडी रोलरवर पाय फिरवण्यास आणि घोट्याभोवती जोर देऊन चोळण्यास सांगितले आहे. त्यामुळे साखर आटोक्यात येईल, दुखापत लवकर भरेल आणि पुढे गोळ्याही कमी करता येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. गोळ्या बंद करण्याचा आमचा विचार नाही. मात्र आईचा या उपचारावर विश्वास आहे आणि तो उगाच मोडावा असे मला वाटत नाही. पूरक उपचार म्हणून याचा खरोखर किती उपयोग होतो आणि तिच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाऊलवाट :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साखरेविषयी इतर कोणी लिहीलच, मी पायापुरते बोलतो. तुमच्या प्रश्नातील ‘दुखते फारसे नाही, परंतु सूज उतरत नाही’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात आणि मग दुखापत झाल्याचे मेंदूला नीट कळतच नाही. अशा पायात किरकोळ मुरगळण्याचे निमित्त होऊन ‘शार्को फूट’ नावाचा विकार सुरू होऊ शकतो. त्यात पाय सुजतो, लालसर व गरम होतो, हाडे कमकुवत होऊन मोडू लागतात आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहिला तर पावलाची कमान कायमची खचते. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही.

आज एवढे करून पाहा. आईंना थोडा वेळ पाय उघडे ठेवून बसू द्या आणि तुमच्या हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर एकाच जागी आळीपाळीने लावा. सुजलेला पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर दाबणे, चोळणे, रोलर हे सगळे थांबवा, त्या पायावर भार देऊ नका आणि विलंब न लावता डॉक्टरांना दाखवा.

संवेदना तपासण्याचीही एक सोपी रीत आहे. आईंना डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. या ६ जागांपैकी २ किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून पुढील तपासणी करून घ्यावी.

घोट्याचा एक्स-रे काढावा की नाही, हे ठरवण्यासाठी १९९२ पासून ‘ओटावा नियम’ वापरले जातात. रुग्णाला ४ पावले चालता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये हाड दाबल्यावर दुखते का, हे त्यात प्रामुख्याने पाहतात. परंतु हे नियम मुळात वेदनेवर उभे आहेत. जिथे वेदनाच नीट कळत नाही, तिथे ते लावून निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

समजा, ही साधीच मुरगळ निघाली, तरी सुरुवातीच्या दिवसांत सुजलेल्या जागी जोर लावून चोळू नये. फाटलेले तंतू तेव्हा नुकते जुळू लागलेले असतात. सांध्याला पुन्हा ताकद येते ती हळूहळू वाढवलेल्या हालचालीने आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामाने, आणि त्याला आठवडेच नव्हे, कधी महिनेही लागतात.

अंगुष्ठ :

मी स्वतः ॲक्युप्रेशर शिकलो आहे आणि इतरांना करून देतो, त्यामुळे या पद्धतीविषयी मला आपुलकी आहे, हे आधीच सांगतो. तरीही वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे.

तळपायावर सगळे अवयव दाखवणारा नकाशा ॲक्युप्रेशरचा म्हणून सर्रास दाखवला जातो, परंतु तो मुळात रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे हातापायांवरील ठरावीक जागा दाबल्याने इतर अवयवांवर परिणाम होतो असे मानणाऱ्या वेगळ्या पद्धतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम फिट्झगेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने शरीराचे उभे पट्टे कल्पिले आणि पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यावरून पायाचे नकाशे तयार केले. ॲक्युप्रेशर ज्यावर आधारलेले आहे ती चिनी परंपरेतील ३६१ बिंदूंची मांडणी याहून वेगळी आहे. तळव्यावरची एखादी जागा दाबली की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, असा कोणताही मार्ग शरीरशास्त्राला सापडलेला नाही. त्यामुळे ‘स्वादुपिंडाचा बिंदू’ या शब्दांवर साखरेचा हिशेब मांडू नये.

याचा अर्थ दाब देणे सर्वथा निरुपयोगी आहे, असाही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूच्या ‘नेईग्वान’ या बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर चांगला अभ्यास झालेला आहे. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या व ७,६६७ रुग्ण होते आणि सुया, दाब अशा विविध मार्गांनी तो उत्तेजित केल्यावर मळमळ व उलटी कमी झाल्याचे दिसले. पण मळमळीवर चालणारी गोष्ट मधुमेहावरही चालेल, असे म्हणता येत नाही. मधुमेहावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत. शिवाय आपल्याला खरा दाब मिळतो आहे की खोटा, हे रुग्णापासून लपवणे अवघड असल्याने त्यांच्या निष्कर्षांवर फार भार टाकता येत नाही.

आईंचा विश्वास जपायचा असेल तर हातावर आणि मनगटावर करा. मनगटाच्या घडीपासून त्यांचीच तीन बोटे आडवी ठेवली की त्यापलीकडे, मधल्या दोन कंडरांच्या (हाताला दोरीसारख्या लागणाऱ्या स्नायूंच्या टोकांच्या) मध्ये, हा बिंदू येतो. अंगठ्याच्या पेराने एक-दोन मिनिटे, सहज श्वास घेता येईल इतकाच दाब द्यावा. नख लागू नये, नंतर काळा-निळा डाग राहू नये. ‘जितके दुखेल तितके बरे’ ही समजूत आमच्या क्षेत्रात फार पसरली आहे आणि ती सोडून द्यायला हवी. ज्या पायाला दुखणे कळतच नाही, त्याच्यावर तर ती निव्वळ घातक आहे. लाकडी जिमी (बिंदू दाबण्याची टोकदार कांडी), टोकेरी चटई, रोलर आणि रात्रभर चिकटवून ठेवायच्या बिया या मधुमेही पावलांपासून दूरच ठेवाव्यात, कारण त्यांच्या दाबाने पडलेला लहानसा फोडसुद्धा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात चिघळू शकतो. पोटरी एका बाजूने सुजून दुखत असेल, तर रक्ताची गुठळी नाही याची खात्री होईपर्यंत तीही दाबू नये.

मोजमाप :

साखरेविषयी थोडेसे. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे एचबीए१सी ही त्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी रक्ततपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एखाद्या दिवशी उपचारानंतर साखर कमी आली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. उपचार सुरू करणारा माणूस बहुधा त्याच सुमारास वेळेवर जेवू लागतो, गोळ्या चुकवत नाही, नीट झोपतो, आणि श्रेय मात्र अंगठ्याला मिळते.

ग्लिमेपिराइडमुळे साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास तो उपचाराचा परिणाम समजून थांबू नका, साखर मोजा. ७० मि.ग्रॅ./डेसीलीटरपेक्षा कमी असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गोळ्यांचा डोस फक्त डॉक्टरांनीच बदलायचा असतो. चिकित्सेची पदवी नसताना ‘गोळ्या कमी होतील’ असे आश्वासन देणाऱ्याचा सल्ला मी तरी घेणार नाही.

नीलिमा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. दोन्ही करंगळ्यांना आणि उजव्या मधल्या बोटाला केलेला स्पर्श आईला कळला नाही आणि उजवे पाऊल घोट्याखाली निश्चितच गरम लागते. रोलर बाजूला ठेवला आहे. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत तिने घरातल्या घरात चालले तर चालेल का?

पाऊलवाट :

शक्य तितके टाळा. स्वच्छतागृहापर्यंत जाणे अपरिहार्य असेल तर वॉकर किंवा दोघांचा आधार घेऊन उजव्या पायावर कमीत कमी भार येईल असे बघा. पाय उशीवर उंच ठेवावा, शेक अजिबात देऊ नये, कारण गरमही तिला कळणार नाही. तापाची कणकण, जखम किंवा पू दिसला तर उद्याची वाट न पाहता आजच जावे. डॉक्टरांना मुरगळल्याची अंदाजे तारीख, न कळलेली बोटे आणि दोन्ही पायांच्या उष्णतेतील फरक आपण होऊन सांगा, आणि ‘शार्को असू शकेल का?’ असे स्पष्ट विचारा.