शिशाचा अणू जास्त जड, मग घनता सोन्याची जास्त कशी?

गिरगावची_आई:
लेक नववीत आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान हे तिला पाठ आहे, गणितंही येतात. पण काल तक्ता बघून विचारते की शिशाचं अणुवस्तुमान २०७ आणि सोन्याचं १९७, मग शिशाची घनता ११.३ आणि सोन्याची १९.३ कशी काय? मला उत्तर देता येईना. कोणी नीट समजावेल का?

केमिस्ट्रीप्रेमी:
आधी तिला शाबासकी द्या, खरंच भारी प्रश्न आहे. अणू किती जड हे अर्धंच झालं, ते एकमेकांना किती खेटून बसलेत तेही बघायला लागतं. दोन्ही धातूंत अणूंची मांडणी एकाच प्रकारची असते पण सोन्यात शेजारच्या दोन अणूंच्या केंद्रांमधलं अंतर साधारण २.८८ अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं अगदी छोटं एकक) आणि शिशात ३.५०, फरक थोडासाच वाटतो पण जागा तिन्ही बाजूंनी वाढते ना, म्हणून ३.५० भागिले २.८८ करून त्याचा घन काढा, १.८ च्या आसपास येईल. त्याला १९७ ने गुणून २०७ ने भागा, १.७ येतं. आता १९.३ भागिले ११.३ करा, तेही १.७. हे गणित तिलाच करू द्या, मजा येईल तिला.

सराफी_कामवाला:
झवेरी बाजारात काम करतो म्हणून सांगतो, १० ग्रॅमचं चोख सोन्याचं वेढणं पाण्यात बुडवून तोललं की अर्धा ग्रॅम कमी भरतं, तेवढीच चांदी असेल तर जवळजवळ एक ग्रॅम. आत शिसं भरलेलं असेल तर यात लगेच पकडलं जातं. टंगस्टन मात्र नाही, त्याची घनता १९.२५, सोन्याला अगदी चिकटून.

गिरगावची_आई:
खूप आभार दोघांचे! मग तेलाचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा कितीतरी जड असून तेल वर तरंगतं तेही असंच का?

केमिस्ट्रीप्रेमी:
हो, रेणू जड आहे पण जागाही त्याहून जास्त खातो. खोबरेल ०.९२ च्या आसपास. आणि बर्फही ०.९२ बरं का, रेणू पाण्याचेच पण गोठताना मधे मोकळी जागा सोडून बसतात म्हणून तरंगतो. खोबरेलाचं उलट आहे, ते थिजलं की आणखी दाट होतं. फ्रिजमध्ये थोडं थिजवा आणि तुकडा पातळ खोबरेलात टाका, तळाला जाईल. पटकन बघा मात्र, आपल्याकडच्या उकाड्यात लगेच वितळतो.