जिल्हा परिषद शाळेत विनामूल्य गणित शिकवण्याबाबत

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून दोन दिवस चौथी-पाचवीच्या मुलांना गणित शिकवावे, अशी इच्छा आहे. परवानगी कोणाकडे मागावी?

पहिले उत्तर : मुख्याध्यापकांना भेटून लेखी अर्ज द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिच्या बैठकीत आपला विषय मांडला जाणे हिताचे ठरते.

दुसरे उत्तर : काका, मी कराड तालुक्यात हे काम केले आहे. आरंभीच पाठ्यपुस्तक उघडले, ही माझी चूक. कारण पाचवीतील काही मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि एक दशक सोडला की दहा एकक मिळतात हे काड्यांचा गठ्ठा स्वतः सोडून पाहीपर्यंत त्यांना उमगले नाही. ऊसतोडणीच्या हंगामात वर्गात मध्येच नवी मुले येतात. त्यांची पाटी कोठपर्यंत आली आहे, हे आधी पाहावे. वर्गशिक्षकांना मात्र आपण तपासणीस आल्यासारखे वाटू देऊ नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सोमवारी अर्ज देतो. काड्या आजच जमवतो.